आधी बातमी, मग पाणी

आमच्या घरात बातमी आधी लिहिली जायची आणि मग घडायची. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. ती कामाची पद्धत होती आणि तिला कारण होतं. माझे वडील, ज्यांना आम्ही आणि अर्धं शहापूर नाना म्हणायचं, एका मराठी दैनिकाचे शहापूर-मुरबाडचे वार्ताहर होते. या कामाला पगार नव्हता. ओळखपत्र होतं आणि त्यावरच्या फोटोत नानांच्या डोक्यावर भरपूर केस होते. पोटापाण्यासाठी पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. बातमी लिहिली की ती लांब पाकिटात घालून पहाटे दुधाच्या गाडीबरोबर वाशिंदच्या दळवींकडे जायची. दळवी ठाण्याला नोकरीला, पास काढून रोज जाणारे. ते पाकीट दैनिकाच्या ठाण्यातल्या पेटीत टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी बातमी छापून यायची. फॅक्स निघाले होते, पण फॅक्सला पानामागे पैसे पडत आणि आमच्याकडे वीज दळवींइतकी भरवशाची नव्हती.

आता समजा, एखाद्या शाळेचं संमेलन बुधवारी संध्याकाळी आहे. ते डोळ्यांनी पाहून लिहायचं तर पाकीट गुरुवारी जाणार आणि बातमी शुक्रवारी येणार. तोपर्यंत मुख्याध्यापक नानांशी बोलणं सोडायचे आणि शाळेच्या वह्या दुसऱ्या दुकानातून घ्यायचे. म्हणून नाना मंगळवारीच चहा झाल्यावर ओट्यावर बसून लिहीत, 'येथील विद्यालयाचे वार्षिक स्नेहसंमेलन काल उत्साहात पार पडले.' पाहुण्यांचं भाषण ते स्वतःच करत. खरं सांगायचं तर नानांनी केलेली भाषणं पाहुण्यांच्या भाषणांपेक्षा बरी असायची आणि एक-दोन पुढारी तर ते भाषण आपल्या नावावर छापून आलं की पाठ करून पुढच्या गावात म्हणून दाखवायचे.

नाना निष्काळजी होते असं मात्र कुणी म्हणू नये. उपस्थितांच्या नावांच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. कोण सरपंच, कोण माजी सरपंच, कुणाची आद्याक्षरं काय, कुणाच्या नावापुढे 'गुरुजी' लावायचं आणि कुणाच्या नावामागे 'डॉ.', हे ते दहा घरी विचारून खात्री करत. मग ती यादी माझ्याकडून चांगल्या अक्षरात उतरवून घेत, कारण नावात एक वेलांटी चुकली तर गावात राहणं कठीण व्हायचं. लोकही पेपर हातात आला की आधी खालची यादी वाचत. आपलं नाव बरोबर आलं म्हणजे वरची बातमी खरी, असा सरळ हिशेब होता. एकदा यादीतले एक गृहस्थ कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच वारले. त्यामुळे गुरुवारच्या अंकात ते बुधवारी संध्याकाळी व्यासपीठावर उपस्थित होते आणि शुक्रवारच्या अंकात त्यांचं बुधवारी सकाळी निधन झालं होतं. दोन्हीकडे नाव अचूक होतं. घरच्यांनी दोन्ही कात्रणं एकाच चौकटीत घालून भिंतीवर लावली आणि नानांचे आभार मानले.

बातम्या लिहून लिहून नानांचं घरातलं बोलणंही छापील झालं होतं. जेवायला बसले की म्हणायचे, 'भाकरी किंचित करपल्याचे दिसून येते.' किंवा, 'बिरड्यात मीठ कमी असल्याची चर्चा आहे.' आई मुरबाडकडच्या भातशेतीवाल्या घरातली. ती चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, 'चर्चा कोन करतंय? तुमी एकलेच तर बसलाव.' तिच्या बोलीला नाना अशुद्ध म्हणत आणि आम्हा मुलांना ती बोलू देत नसत. आम्ही नानांसमोर छापील बोलायचो आणि आईजवळ गेलो की तिच्यासारखं. आई पेपर वाचत नसे, म्हणजे ताजा वाचत नसे. फळीवर अंथरलेला जुना कागद डबे पुसताना ती सावकाश वाचायची आणि वर्षभराने विचारायची, 'या कोन्या बाईचं मंगळसूत्र गेलतं, ते घावलं का वो?' नानांना त्याचं उत्तर कधीच माहीत नसायचं. सापडल्याची बातमी द्यायला कुणी येत नाही, असं ते म्हणत.

भाषांची अशी उतरंड फक्त आमच्या घरात होती असं नाही. सबंध पेठेत होती. मराठीत छापलेलं खरं मानलं जाई. कल्याणला कामाला जाणारी पोरं संध्याकाळी हिंदी पेपर आणत. त्यात आलेलं ते जास्त गंभीर, कारण हिंदीत आलं म्हणजे मुंबईपर्यंत गेलं. आणि इंग्रजीत आलं की विषय संपला. इंग्रजी पेपर गावात डॉक्टरांकडे येई. डॉक्टर त्यातलं शब्दकोडं सोडवत आणि बाकीचा पेपर कंपाउंडर पुड्या बांधायला वापरे. तरीही न्हाव्याच्या दुकानात वाद पेटला आणि कुणी म्हणालं, 'इंग्रजीत आलंय,' की समोरचा गप्प बसून दाढीला साबण लावून घेई. आईच्या बोलीत किंवा वाड्या-पाड्यांवरच्या बोलीत सांगितलेल्या गोष्टीला बातमी कुणी म्हणत नसे. ते नुसतं बोलणं. आता माझा मुलगा मला फोनवर काहीतरी दाखवतो आणि म्हणतो, 'आई, चार भाषांत आलंय, म्हणजे खरंच असणार.' तेव्हा मला तो साबण लावलेला माणूस आठवतो.

त्या उन्हाळ्यात हेदवाडीला नळ आला. हेदवाडी म्हणजे सिद्धगड समोर दिसतो अशा उतारावरची ठाकरांची वाडी. ती कोणत्या कचेरीच्या हद्दीत येते ते मी सांगत नाही, कारण त्या कचेरीतले भाऊसाहेब अजून हयात आहेत आणि मला नातवाच्या बारशाला बोलावतात. वाडीला माघानंतर पाणी नसे. विहिरीच्या तळाशी चिखल राहायचा आणि एक दिवसाआड कचेरीचा टँकर येऊन त्या विहिरीत पाणी ओतून जायचा. मग नळयोजना मंजूर झाली. ठेकेदाराने नळ बसवला, नळाभोवती सिमेंटचा ओटा केला, मोठ्या अक्षरांत नावांची पाटी लावली आणि जमिनीतून थोडा पाइपही घातला. पंप तेवढा राहिला होता. पण उद्घाटनाची तारीख ठरली होती आणि पुढाऱ्यांना पुन्हा सवड नव्हती.

नानांनी नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी बातमी लिहिली. मथळा होता, 'हेदवाडीत अखेर गंगा अवतरली'. मान्यवरांच्या हस्ते कळ फिरवताच नळाला धो धो पाणी आलं होतं, महिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळले होते आणि 'आमच्या डोक्यावरचा हंडा उतरला' अशा शब्दांत त्यांनी समाधान व्यक्त केलं होतं. खाली सोळा नावं होती आणि त्यातली एकही वेलांटी चुकलेली नव्हती. पाकीट सकाळी दळवींबरोबर गेलं. दुपारी पुढाऱ्यांना दुसरीकडे जावं लागलं. कचेरीचे साहेबही आले नाहीत. वाडीवर फीत बांधलेली, नारळ टांगलेला, लेकरं तोंड धुऊन बसलेली आणि संध्याकाळी सगळे उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी बातमी आली, शेजारी ठेकेदाराची मोठी जाहिरात आली, 'हेदवाडी ग्रामस्थांचे हार्दिक अभिनंदन.' नाना जरा चुकचुकले. पण असं अधूनमधून व्हायचं. पुढे कधीतरी कार्यक्रम व्हायचाच, म्हणजे बातमी आपोआप खरी होई. नाना त्याला 'बातमी पुढे धावली' असं म्हणत.

या वेळी ती जरा जास्तच धावली. तीन-चार दिवसांनी डॉक्टरांच्या इंग्रजी पेपरात आतल्या पानावर तीच बातमी आली. मुंबईत बसलेल्या कुणीतरी मराठीवरून उतरवली होती. सोबत नळावर पाणी भरणाऱ्या बायकांचा फोटो होता. बायकांनी उजव्या खांद्यावर पदर घेतले होते आणि मागे उंट दिसत होता. आमच्या तालुक्यात उंट फक्त जत्रेत येतो. पण इंग्रजी पेपरातल्या उंटावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. कंपाउंडरने तो कागद पुडीला न वापरता नानांना आणून दिला आणि नानांचा ऊर भरून आला. त्यांचं लिखाण पहिल्यांदाच इंग्रजीत गेलं होतं. आईने विचारलं, 'यात तुमचं नाव कुठं हाय?' नाव नव्हतं. नाना म्हणाले, 'सूत्रांनी म्हटलंय ना, ते सूत्र म्हणजे मी.'

चांगुणा आली ती त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी. चांगुणा हेदवाडीची. उन्हाळ्यात कैऱ्या, करवंदं, जांभळं घेऊन शहापूरला यायची आणि टोपली रिकामी झाली की आमच्या ओट्यावर बसून आईशी बोलायची. दोघींच्या बोली वेगवेगळ्या, पण एकमेकींना पुरेपूर कळायच्या. मला वाटतं, आमच्या घरात फक्त त्या दोघीच पूर्ण वाक्यं बोलत. त्या दिवशी ती टोपली भरलेलीच घेऊन आली आणि थेट दुकानाच्या दाराशी उभी राहिली.

'नाना, तुमच्या पेपरानं आमचा टँकर नेला.'

नानांना आधी कळलंच नाही. मग हळूहळू उलगडलं. बातमी आल्यापासून टँकर बंद झाला होता. वाडीवरची माणसं कचेरीत गेली, तर तुमच्याकडे नळाला पाणी आलंय असं सांगून त्यांना परत पाठवलं. बायका आता खालच्या दरीतल्या डबक्यावरून पाणी आणत होत्या. एक खेप करायला अर्धी सकाळ जायची. त्यात चांगुणाच्या मुलीचं, हिरीचं, लग्न शुक्रवारी होतं. वऱ्हाड येणार, भात शिजायचा, हळदीची अंघोळ व्हायची.

'पाव्हन्यांना काय पाजू?' चांगुणा म्हणाली. 'नवऱ्याकडचं म्हनतात, पानी नसंल तर लगीन पुढं न्या. पुढं म्हंजे दिवाळीनंतर. तवर त्यो पोरगा थांबतोय व्हय?'

नानांनी दुकान बंद केलं. हे सहसा ते सण सोडून करत नसत. चांगुणा, नाना आणि मी असे तिघं कचेरीत गेलो. मी तेव्हा कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टीत घरीच होते. पाणीटंचाईच्या टेबलाशी भाऊसाहेब बसले होते. त्यांनी नानांना खुर्ची दिली, मला बाक दाखवला आणि चांगुणाला काहीच दाखवलं नाही. ती उभी राहिली.

'ती बातमी मी लिहिली आहे,' नाना म्हणाले. 'ती चुकीची आहे. कार्यक्रम झालेला नाही.'

भाऊसाहेबांनी फाइल काढली. त्यात कात्रण नीट चिकटवलेलं होतं. ते त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. 'झकास लिहिलीय, नाना. साहेबांचं नाव, हुद्दा, माझं नाव, सगळं बरोबर आहे. चूक कुठंय?'

'नळाला पाणी नाही.'

'हे तुम्ही तोंडी सांगताय. हे छापील आहे. फाइलला मी तोंडी कसं चिकटवू?'

'अहो, पण छापील लिहिणारा मीच ना?'

'तेच म्हणतो. तुम्हीच लिहिलंत आणि तुम्हीच खोटं म्हणताय. मग आज तुम्ही बोलताय ते तरी खरं कशावरून? उद्या परत येऊन म्हणाल, कालचं बोलणं चुकीचं होतं.' मग भाऊसाहेबांनी पान उलटलं. पुढच्या पानावर उंट होता. 'बरं, हे इंग्रजीतलं तुम्ही लिहिलंय का?'

'नाही.'

'झालं तर. दोन पेपर, दोन भाषा, दोघंही म्हणतात पाणी आलं. तुम्ही एकटे म्हणता नाही आलं.'

चांगुणा पुढे झाली. 'सायेब, मी तितंच ऱ्हाते. नळाला पानी नाय. पंपच नाय तर पानी येल कुठून?'

भाऊसाहेब मुरबाडचेच. त्यांची स्वतःची आई असंच बोलायची, मी ऐकलं होतं. पण ते नानांकडे वळून म्हणाले, 'काय म्हणतात बाई?'

आणि नानांनी सांगितलं, 'पंप बसविण्यात न आल्याने पाणीपुरवठा सुरू झाला नसल्याचे त्यांचे म्हणणे आहे.'

'हां. मग लेखी द्या म्हणावं. अर्ज आला की जागेवर पाहणी होईल, पाहणीचा अहवाल येईल, मग टँकरचा प्रस्ताव जाईल. पावसाळ्याच्या आत काम होऊन जाईल.'

'मला लिवता येत असतं,' चांगुणा म्हणाली, 'तर पेपरात पन मीच नसतं लिवलं का?'

भाऊसाहेब हसले. ते वाईट नव्हते. त्यांनी चांगुणाकडून कैऱ्या घेतल्या आणि भाव न करता पैसे दिले.

तिथून नाना टेलिफोनच्या बूथवर गेले आणि ठाण्याला उपसंपादकांना फोन लावला. काचेच्या खोलीत त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, पलीकडचा नव्हता. पण नानांच्या उत्तरांवरून सगळं कळत होतं. 'खुलासा छापा... नाही, नाव कुणाचंही चुकलेलं नाही... नाव चुकलं असतं तर छापला असता? ... हो, जाहिरात होती... मोठी होती, हो... नाही, ठेकेदाराला दुखवायचं नाही...' बाहेर आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. ते म्हणाले, 'कार्यक्रम न होणे ही बातमी होत नाही, असे वरिष्ठांचे मत आहे.'

घरी आईने चांगुणाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि कच्च्या कैरीची फोड. नाना समोर बसले होते, पण घास घेत नव्हते. त्यांना आपल्या बातमीने कुणाचं बरंवाईट होतं याची सवय नव्हती. इतकी वर्षं त्यांच्या बातम्या लोकांच्या भिंतींवर टांगल्या जायच्या आणि तिथेच राहायच्या. चांगुणा त्यांच्याकडे बघत होती. जेवता जेवता ती आईला म्हणाली, 'वैनी, तुमचा नवरा भारी देव हाय. लिवलं की टँकर जातंय. मंग टँकर आला म्हनून लिवा, म्हंजे येल.'

आई खोकेपर्यंत हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि मला म्हणाले, 'शैला, कागद आण.'

मला ते पटलं नाही. माझा स्वभाव तेव्हाही हाच होता. बेरीज जुळल्याशिवाय मी खाली रेघ ओढत नाही. मी म्हटलं, 'नाना, टँकर आलेला नाही. आला असं कसं लिहायचं? "टँकर सुरू होत आहे" असं लिहू.'

'"होत आहे" याला बातमी म्हणत नाहीत, आश्वासन म्हणतात. आश्वासनावर कचेरी हलत नाही.'

'मग एका खोट्यावर दुसरं खोटं?'

'नाय तर दिवाळीनंतर लगीन,' आई म्हणाली. 'तू ठरव.'

मी ठरवलं ते असं. बातमी नानांनी स्वतःच्या हाताने लिहावी, मी ती उतरवणार नाही. पण खालची नावं मी लिहीन आणि ती वाडीतल्या बायकांची असतील. पेपर येईल त्या दिवशी मी स्वतः हेदवाडीला जाऊन टँकर आला की नाही ते पाहीन. आमच्या घरातून आजवर हेदवाडीला कुणीच गेलेलं नव्हतं. गंगा अवतरली तेव्हासुद्धा नाही.

नानांनी लिहिलं. मथळा होता, 'साहेबांच्या तत्परतेने हेदवाडीची तहान भागली'. पंपाच्या किरकोळ तांत्रिक कामामुळे साहेबांनी संवेदनशीलता दाखवत टँकर तातडीने पूर्ववत केला होता आणि वाडीतल्या महिलांनी साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. 'तांत्रिक' या शब्दावर नाना खूप वेळ थांबले होते. तो शब्द ठेकेदाराला दुखावत नव्हता. चांगुणा भाकरी संपवून मला नावं सांगत होती. चांगुणा, बुधी, सोमी, जाई, पारू, ठमी. मी आडनावं विचारली तर म्हणाली, 'आडनाव कोन इचारतंय आमाला?' तरी तिने आठवून आठवून सगळ्यांची दिली. पाकीट दुधाच्या गाडीने दळवींकडे गेलं.

ज्या दिवशी पेपर आला त्या दिवशी नाना आणि मी पहिल्या एसटीने निघालो. सापगावचा पूल ओलांडला, पुढे गाडी बदलली, शेवटच्या थांब्यापासून चालत वर गेलो. नानांच्या काखेत पेपर होता आणि पिशवीत दुकानाशेजारून उसनी आणलेली शाल. वाडीत पोचलो तर बायकांनी विहिरीच्या काठाला हंडे आधीच रांगेत लावून ठेवले होते. नळ मला पहिल्यांदा दिसला. ओटा देखणा होता. पाटीवर सोळा नावं होती, नानांच्या यादीतलीच, त्याच क्रमाने. फीत तशीच बांधलेली, उन्हाने पांढरी पडलेली, आणि नळाच्या तोटीला टांगलेला नारळ वाळून लहान झाला होता. एक पोर तोटीला लोंबकळून झोका घेत होतं.

'ये गो बाय, बस,' एक म्हातारी म्हणाली. ती बुधी. 'आमची नावं आलीत म्हनं. वाच बगू.'

मी पेपर उघडला. बायका भोवती बसल्या. मी बातमी मोठ्याने वाचली, आणि साहेबांची संवेदनशीलता आली तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मी यादीपाशी आले. साहेबांचं नाव होतं. भाऊसाहेबांचं होतं. ठेकेदाराचंही होतं, ते नानांनी लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर छापलं होतं, 'व इतर महिला.' बातमी तिथे संपली होती. जागा पुरली नसेल. नानांनी पेपर माझ्या हातून घेतला, स्वतः वाचला, उलटून मागे काही आहे का ते पाहिलं. यादीत नाव गाळलं जाणं ही त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी चूक होती आणि ती या वेळी एका ओळीत सहा जणींची झाली होती.

'मंग आमी कुठं हाव?' बुधीने विचारलं.

'इतरमध्ये,' मी म्हटलं.

'इतर म्हंजे आमी व्हय.' ती चांगुणाकडे वळली. 'चांगुने, तू इतर हायस गो.'

'तू पन इतर. तुजी म्हस पन इतर.'

सगळ्या हसल्या. नाना हसले नाहीत. ते रस्त्याकडे बघत बसले. ऊन डोक्यावर आलं. चांगुणा दर थोड्या वेळाने उठून वळणापर्यंत जाऊन यायची. परत आली की पदराने तोंड पुसायची. हिरी झोपडीच्या दारात हळदीचं पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला विचारलं, भीती वाटते का, तर म्हणाली, 'नवऱ्याची नाय. पान्याची.' मी मनात हिशेब करत होते. कचेरी दहाला उघडते, पेपर साडेदहाला टेबलावर येतो, वाचायला अर्धा तास, चिकटवायला अर्धा तास. नानांची बातमी खरी व्हायची पहिल्यांदाच कुणीतरी डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होतं, आणि त्यात स्वतः नाना होते.

दुपार कलल्यावर धूळ दिसली. पुढे जीप, मागे टँकर. जीपमधून साहेब उतरले, मागून भाऊसाहेब, हातात फाइल. पुढे कळलं ते असं, की सकाळीच वरच्या कचेरीतून साहेबांना अभिनंदनाचा फोन आला होता आणि छापून आलेल्या तत्परतेला नाही म्हणणं त्यांना जमलं नव्हतं. साहेब नानांना म्हणाले, 'नाना, कमाल आहे. माझा निर्णय मला कळायच्या आधी तुम्हाला कळतो.'

'सूत्रांकडून,' नाना म्हणाले.

टँकरचा ड्रायव्हर उत्तरेकडचा. तो पाइप ओढत बायकांना ओरडत होता, 'हटो बाई, पहले साब का फोटो, बाद में पानी.' चांगुणाला हिंदी येत नव्हती, पण सगळं कळलं. तिने पाइप त्याच्या हातातून घेतला, विहिरीत सोडला आणि म्हणाली, 'आदी पानी सोड. फोटो सायबाचा हाय, पळून जात नाय.' पाणी विहिरीत पडायला लागलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आनंदाश्रूही तरळले नाहीत. बायकांनी पदर खोचले आणि कामाला लागल्या. सत्कारासाठी शाल होती, पण नारळ कुणीच आणला नव्हता. शेवटी चांगुणाने नळाला टांगलेला तो वाळका नारळ सोडून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो छातीशी धरून फोटो काढून घेतला. त्या नारळातही पाणी नव्हतं, पण ते फोटोत दिसत नाही.

निघताना चांगुणा आम्हाला वळणापर्यंत सोडायला आली. नाना तिला म्हणाले, 'तुमची नावे गाळली गेली, त्याबद्दल...' पुढचा छापील शब्द त्यांना सापडेना. ती म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या नाना. शुकरवारी इतरांच्या घरी लगीन हाय. वैनीला घेऊन या जेवाया.'

आम्ही गेलो. भात होता, वालाची भाजी होती आणि पाणी हवं तेवढं होतं. आई बायकांबरोबर हळदीची गाणी म्हणत होती, तिच्या बोलीत आणि त्या त्यांच्या. नाना एका दगडावर बसून सगळं बघत होते. ते एखाद्या कार्यक्रमाला शेवटपर्यंत थांबलेले मी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या लग्नाची बातमी लिहिली, झाल्यावर. गाणी लिहिली, भात लिहिला, कोण नाचलं ते लिहिलं आणि खाली बायकांची सगळी नावं आडनावांसह घातली. मी ती आनंदाने उतरवली. त्या कागदावर एकही शब्द खोटा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगीन. ती छापून आली नाही. नानांनी दळवींकरवी विचारलं, तर निरोप आला की बातमी शिळी आहे आणि नावं कुणाच्या ओळखीची नाहीत.

पुढच्या बाजाराला चांगुणा जांभळं घेऊन आली आणि ओट्यावर टेकली. 'नानांनी हिरीचं लगीन लिवलं म्हनं. आलं का?'

मी म्हटलं, 'नाही छापलं.'

तिने टोपली पुन्हा डोक्यावर घेतली, चुंबळ नीट केली आणि गंभीर तोंडाने मला विचारलं, 'छापलं नाय? मंग लगीन झालंच नाय बग. पोरीला परत आनू काय गो?'